पारोडींचं जहाज

फेलिक्स पारोडींना देवाने सगळं बेताचं दिलं होतं. उंची बेताची, आवाज बेताचा, नोकरीही बेताचीच. आडनाव तेवढं अंगापेक्षा मोठ्या मापाच्या सदऱ्यासारखं मिळालं होतं, आणि ते त्यांनी जन्मभर सावरत सावरतच घातलं.

वसईत लोपीस, परेरा, डाबरे यांना तोटा नाही. पारोडी मात्र एकच घर. शाळेत मास्तरांनी हजेरीला "पारोडी" म्हटलं की मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, "आंघोळ करून ये रे पारोशा!" पोरं हसायची. मास्तरही मिशीत हसायचे. फेलिक्स रोज पहाटे विहिरीवर दोन बादल्या जास्त ओतून घ्यायचे, पण आडनाव काही धुऊन निघालं नाही.

पुढे १९९६ साली ते दोह्याला एका खाजगी दवाखान्यात रिसेप्शनला लागले. तिथे आणखीच मजा झाली. अरबीत 'प' हे अक्षर नाही. बताक्यावर, म्हणजे तिथल्या ओळखपत्रावर, नाव चढवणाऱ्याने पारोडीचं 'बारूदी' करून टाकलं. बारूदी हे तिकडे लेबनॉन-इजिप्तकडच्या लोकांत खरंच असतं. फोनवर नाव सांगितलं की पलीकडचा माणूस भराभरा अरबी सुरू करायचा, आणि फेलिक्स घाम पुसत म्हणायचे, "सॉरी, इंडियन." शेजारच्या टेबलावरची रुकैया, सुदानची, मोठ्या अंगाची आणि त्याहून मोठ्या हसण्याची बाई, रोज सकाळी विचारायची, "या बारूदी, तुझी दारू कधी पेटणार?"

दोन वर्षांनी त्यांची बायको डोरोथी सहा वर्षांच्या लेकीला, जोआनाला, घेऊन आली. अल नस्रमध्ये दोन खोल्यांचा फ्लॅट, खाली लाँड्री आणि मल्याळ्याचं किराणा दुकान. जोआना शाळेत जायला लागली आणि महिन्याभरात रडत घरी आली. तिच्या वर्गातल्या एका मुलीने डिक्शनरी उघडून सांगितलं होतं की पॅरडी म्हणजे दुसऱ्याची केलेली टवाळ नक्कल.

"ममा, आर वी अ जोक?" तिने विचारलं.

डोरोथीने तिला जवळ घेतलं. फेलिक्स वर्तमानपत्राच्या आड गेले. एका आडनावाने मराठीत, अरबीत आणि इंग्रजीत, तीन भाषांत एकाच माणसाची फजिती करावी, हे डोरोथीला हसण्यासारखंही वाटायचं आणि रडण्यासारखंही.

पण फेलिक्सच्या मनातला काटा या चिडवण्यांचा नव्हता. तो खोल होता, आणि डोरोथीला तो लग्नाआधीपासून ठाऊक होता. स्थळ आलं तेव्हा तिच्या मावशीने नाक मुरडलं होतं. "मुलगा गरीब आहे, पण कुणाचे म्हणायचे हे? बापाला बाप नाही, आणि आडनाव इटालियन फादरचं. फादर लोकांना कुठे बायकापोरं असतात? मग हे आडनाव आलं कुठून, तूच सांग."

खरी गोष्ट तिला सांगितली तिच्या सासऱ्यांनीच. बस्त्याव त्यांचं नाव, धंद्याने सुतार. लग्नानंतर पहिल्याच पावसाळ्यात ओटीवर रंधा मारता मारता ते म्हणाले होते, "सूनबाई, लोक काहीबाही बोलतील. ते कानात जायच्या आधी माझ्या तोंडून ऐक. मला मुंबईत अनाथाश्रमाच्या पायरीवर कुणीतरी ठेवून गेलं. अंगात ताप, आणि गळ्यात ना ताईत, ना क्रूस. बाप्तिस्म्याला नाव लावायचं तर आडनाव हवं. ते कुणाकडे मागणार? तिथे एक इटालियन फादर होते, त्यांनी स्वतःचंच दिलं. म्हणाले, माझ्यामागे हे नाव चालवायला कुणी नाही, आणि याच्याआधी कुणी नाही. दोघांचंही काम होईल." मग रंध्यातला भुसा फुंकत बस्त्याव हसले. "लोकांना आडनाव मिळतं रक्तातून, न मागता. मला कुणीतरी विचार करून दिलं. आता यात लाजण्यासारखं काय आहे ते तूच सांग."

डोरोथीला काहीच दिसलं नाही. उलट येशूला जोसेफने नाव दिलं तेही असंच, आणि जोसेफही सुतारच, असं तिच्या मनात आलं होतं. पण फेलिक्सना लाजण्यासारखंच दिसायचं. बापाने चारचौघांत ती हकिकत काढली की ते उठून बाहेर जायचे. जोआना जन्मायच्या आदल्या वर्षी बस्त्याव गेले आणि ती हकिकत सांगणारं घरात कुणी उरलं नाही. डोरोथी सांगू शकली असती. नवऱ्याचं मन मोडायला नको, म्हणून ती गप्प राहिली.

२००१ च्या हिवाळ्यात एका सकाळी दवाखान्यात नर्सने दारातून हाक मारली, "मिस्टर पारोडी!" आणि दोन माणसं एकदम उठली. एक रिसेप्शनच्या खुर्चीवरून, दुसरा रांगेतल्या बाकावरून.

बाकावरचा माणूस साठीच्या पुढचा गोरा म्हातारा होता. भुवया पांढऱ्या, हात वंगणाने कायमचे काळवंडलेले. समुद्राचं पाणी गोडं करायचा जो प्लान्ट आहे, तिथे तो पंपांचं काम बघायचा. छातीत घरघर होती म्हणून आला होता. त्याने फेलिक्सच्या छातीवरची पाटी वाचली, पुन्हा वाचली, आणि दोन्ही हात पसरून ओरडला, "पारोडी? यू? पारोडी?"

सगळा दवाखाना बघायला लागला. जोबाट्टा पारोडी त्याचं नाव, गाव इटलीतलं जेनोआ. मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याने तिथल्या तिथे उभ्याउभ्याच सांगून टाकलं. जेनोआच्या मागे डोंगरात पारोडी नावाचं एक गाव आहे, त्यावरून हे आडनाव. जेनोआच्या फोनच्या पुस्तकात पानंच्या पानं पारोडी. एकाच जिन्यावर तीन घरं पारोडींची, पोस्टमन डोकं धरून बसतो. अर्जेंटिनात पारोडी, पेरूमध्ये पारोडींची वाणसामानाची दुकानं, जिब्राल्टरला पारोडी. "जिथे बंदर तिथे पारोडी! पण इंडिया? इंडियात कुणी गेलं होतं हे आम्हाला माहीतच नव्हतं. जहाजाने आला ना? तुझा आजोबा? खलाशी?"

रुकैया टेबलावरून पुढे झुकली होती. रांगेतली माणसं ऐकत होती. फेलिक्सनी मान हलवली.

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं तेव्हा डोरोथीच्या हातातली पळी तशीच राहिली. "तुम्ही हो म्हणालात?"

"हो कुठे म्हणालो? नुसती मान हलवली."

"म्हणजे कशी?"

त्यांनी हलवून दाखवली. आपल्याकडे हलवतात तशीच, ना धड हो, ना धड नाही.

"ती काय मुंडी आहे की टेबलफॅन? तो परका माणूस, त्याला काय कळणार? त्याने हो धरलं असणार."

"धरू दे. अगं, जेनोआत आपलं आडनाव म्हणजे वसईतल्या डिसोजासारखं. पानंच्या पानं!" त्यांचा चेहरा तिने इतका उजळलेला कधी पाहिला नव्हता. "आणि कुणाला हसायला येत नाही गं त्या नावाचं. एकालाही नाही."

डोरोथी पुन्हा पळी फिरवायला लागली. आपण तेव्हाच ठाम बोलायला हवं होतं, असं तिला नंतर किती वेळा वाटलं, त्याची गणती नाही.

जोबाट्टा शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, घरी यायला लागले. तेव्हा दोह्यात चर्च बांधलेलं नव्हतं. एका कंपाउंडमधल्या व्हिलात मिस्साची प्रार्थना व्हायची, बाहेर ना क्रूस ना घंटा. मिस्सा झाली की तिघं आणि हा म्हातारा एकाच टॅक्सीतून अल नस्रला यायचे. जोबाट्टांना त्यांच्या घरी बाचिचा म्हणत, जेनोआत जोबाट्टाचं लाडाचं नाव तसंच होतं म्हणे. डोरोथीला ते पहिल्यांदा 'बच्चा' ऐकू आलं. "एवढा थोरला बाप्या, आणि बच्चा?" ती फेलिक्सना म्हणाली. जोआनाने मात्र सरळ 'बाचा अंकल' करून टाकलं.

म्हाताऱ्याला बायको नव्हती, मूलबाळ नव्हतं. जेनोआत एक थोरली बहीण, इर्मा, तीही एकटीच. जोआनाच्या शाळेच्या ॲटलासात त्यांनी पेन्सिलीने ठिपके काढले. हे बुएनोस आयरेस, हे लिमा, हे जिब्राल्टर. मग म्हणाले, आता तुमचं गाव दाखव. वसई ॲटलासात नव्हतीच. फेलिक्सनी मुंबईच्या जरा वर अंदाजाने बोट ठेवलं आणि म्हाताऱ्याने तिथे सगळ्यांत मोठा ठिपका काढला. निम्मा समुद्रात गेला.

एका शुक्रवारी डोरोथीने हामूर माशाचं कालवण केलं होतं. बाचिचा दोनदा वाढून घेऊन बोटं चाटत होते. एकदम त्यांनी विचारलं, "सिन्योरा, त्या खलाशाबद्दल तुमच्या घरात काय सांगतात? काहीतरी सांगत असतीलच ना?"

फेलिक्स पाण्याचा ग्लास उचलून बसले. म्हातारा तिच्याकडे बघत होता, लहान मूल गोष्टीची वाट बघतं तसा. डोरोथीच्या तोंडून निघून गेलं, "त्यांना मासे फार आवडायचे म्हणे. बोंबलाचं कालवण."

बाचिचांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी रुमाल काढला. "माझ्या वडिलांनाही," ते म्हणाले. "मासळी म्हटली की वेडे व्हायचे. रक्त, सिन्योरा, रक्त!"

ते गेल्यावर फेलिक्स भांडी पुसता पुसता म्हणाले, "मी निदान मान हलवली होती. तू तर त्याला जेवायलाच घातलंस."

डोरोथीला हसू आलं नाही. त्या दिवशी रोझरी म्हणताना ती दोनदा मणी चुकली. आतापर्यंत खोटं नवऱ्याचं होतं आणि ती सांभाळत होती. आज ते तिचंही झालं. आणि ते कशासाठी? एका म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून. चांगुलपणातून केलेल्या पापाला पाप म्हणावं की नाही, हे तिला फादरना विचारायचं होतं. प्रत्येक कन्फेशनला ते तिच्या जिभेवर यायचं आणि परत जायचं.

मग जोआनाच्या शाळेत फॅमिली ट्रीचा प्रोजेक्ट आला. तिने निळ्या चार्ट पेपरवर तीन शिडांचं जहाज काढलं, शिडावर 'पारोडी' लिहिलं, खाली वसईचा किनारा आणि नारळ. जहाजातून उतरणाऱ्या माणसाला तिने बाचा अंकलसारख्या पांढऱ्या भुवया दिल्या. बक्षीस मिळालं. तिला जोक म्हणणारी मुलगी आता वाढदिवसाला बोलवायला लागली. चार्ट हॉलच्या भिंतीवर लागला, आणि त्या घरात आजोबा बस्त्यावसाठी जागा उरली नाही.

"आता तरी सांगा," डोरोथी म्हणाली. "पोरीला सांगा, बाचिचांना सांगा. तुमचे वडील किती अभिमानाने सांगायचे! तुम्ही त्यांना पुसून टाकताय. पेत्रानेसुद्धा कोंबडा आरवायच्या आत येशूला तीनदाच नाकारलं. तुम्ही दर शुक्रवारी नाकारता. कोंबडा आरवायची वाट बघताय का?"

"अल नस्रमध्ये कोंबडा कुठला आरवणार? इथे फ्रोझन मिळतो."

"चेष्टा नका करू."

फेलिक्स खाली बसले. म्हणाले, "डोरा, वसईत मला सगळे विचारायचे, कुणाचा तू? जन्मात पहिल्यांदा एक माणूस आपणहून म्हणतोय, तू माझा. त्याला मी काय सांगू? की नाही बाबा, मी कुणाचाच नाही?"

"कुणाचाच कसे? तुम्ही बस्त्याव सुताराचे."

ते उठून बाल्कनीत गेले. बापाची हकिकत निघाली की पूर्वी ओटीवरून उठून जायचे, तसेच.

२००३ मध्ये बाचिचांची घरघर वाढली. कंपनीने त्यांना घरी पाठवायचं ठरवलं. निघायच्या दिवशी डोरोथीने फेलिक्सना दारातच अडवलं. "एकटेच जा आणि सांगून या. माणूस आजारी आहे. अशा माणसाला खोट्याचं ओझं देऊन विमानात बसवू नका."

"सांगतो," फेलिक्स म्हणाले. "आज सांगतोच."

संध्याकाळी परत आले ते मान खाली घालून. बाचिचांनी दारातच त्यांना मिठी मारली होती. म्हणाले होते, आता मला काम नाही, वेळच वेळ आहे. बंदराजवळच्या चर्चांमध्ये खलाशांच्या नोंदी असतात. तुझा आजोबा कोणत्या जहाजाने गेला ते मी शोधून काढणार. जहाजाचं नाव मिळालं की तुला कळवतो.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"इन्शाल्ला म्हणालो."

डोरोथी दाराला टेकली. "अहो, अख्ख्या दोह्यात ज्याला नाही म्हणायचं नसतं आणि करायचंही नसतं, तो इन्शाल्ला म्हणतो. त्या म्हाताऱ्याने ते देवाचं नाव म्हणून ऐकलं असेल."

"मला शब्द सापडले नाहीत गं."

"शब्द होते. ते तुमच्या वडिलांचेच होते."

त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी फोन यायचा. बाचिचांच्या आवाजात दम कमी आणि उत्साह जास्त असायचा. आज अमुक चर्चमध्ये गेलो, तिथला फादर चांगला आहे, बसायला खुर्ची देतो. आज तमुक चर्च. जिने फार आहेत जेनोआत, सगळं गाव डोंगरावर चढलेलं, पण हळूहळू चढतो. इर्मा ओरडते, म्हणते छातीचा भाता झालाय आणि तू मेलेले खलाशी शोधत फिरतोस. पण मी शोधणार. पारोडी खलाशी शेकड्यांनी सापडलेत, फक्त आपला सापडत नाहीये. कोणत्या साली आला, आठवतं का काही? जहाज शिडाचं की वाफेचं?

"कुणी सांगितलं नाही," फेलिक्स म्हणायचे. "माहीत नाही." आणि हे दोन्ही खरंच होतं. अर्धवट खरं बोलायची त्यांना इतकी सवय झाली होती की आता पूर्ण खोटं बोलायची गरजच पडत नव्हती.

 फोन ठेवल्यावर डोरोथी डोळे मिटायची, आणि तिला दिसायचा एक आजारी म्हातारा, जेनोआच्या उभ्या चढणीवर दम खात थांबलेला, कधी निघालंच नाही त्या जहाजाच्या मागे. त्याला तिथवर कुणी नेलं? एका हललेल्या मानेने आणि एका बोंबलाच्या कालवणाने.

२००५ मध्ये लेंट, इस्टरआधीचा उपासाचा काळ, सुरू झाला तेव्हा तिने शेवटचं सांगितलं. "या वेळी उपास नको, मांस सोडायला नको. एवढं एकच करा. फोन करा आणि सांगा." फेलिक्स कबूल झाले. इस्टरच्या आत करतो म्हणाले. पाम संडे गेला. पवित्र आठवडा आला. इस्टरही झाला. त्यानंतरच्या शुक्रवारी मिस्साहून येऊन डोरोथी भात टाकत होती, तेवढ्यात फोन वाजला.

फेलिक्सना डाव्या कानाने कमी ऐकू यायला लागलं होतं, म्हणून ते नेहमी स्पीकरचं बटण दाबायचे. हॉलभर एका म्हाताऱ्या बाईचा आवाज पसरला.

"पारोडी? दोहा? मी इर्मा. बाचिचा सिस्टर."

"येस, येस, मॅडम. हाऊ इज बाचिचा?"

"बाचिचा डेड. ट्यूसडे."

डोरोथीने ओल्या हातानेच क्रूसाची खूण केली. फेलिक्स खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. जोआना, आता तेरा वर्षांची, आतल्या खोलीतून दारात आली.

पलीकडून शब्द एकेक करून येत होते. त्या बाईला येणारं इंग्रजी एवढंच असावं, आणि तेही तिने कुणाकडून तरी लिहून घेतलं असावं. "ही आस्क. लास्ट डे, ऑल्वेज आस्क. व्हॉट शिप? यू नो? नेम, शिप?"

फेलिक्सनी डोरोथीकडे बघितलं. तिने मान हलवली नाही, डोळे हलवले नाहीत, काही केलं नाही. तिला एवढंच वाटत होतं की या वेळी तरी यांचं यांनीच बोलावं. मग फेलिक्स फोनवर वाकले आणि मोठ्याने, शब्द तोडून तोडून, म्हणाले,

"नो शिप, मॅडम."

"प्लीज?"

"नो शिप. देअर वॉज नो शिप. आय ॲम सॉरी. माय फादर, ऑर्फन. वन प्रीस्ट गिव्ह हिम नेम. नो शिप. नो शिप!" त्यांचा आवाज फुटला. चार वर्षं अडकलेलं ते, शेवटी बाहेर पडलं.

 पलीकडून कागदाचा आवाज आला, आणि म्हातारी हळूहळू म्हणाली, "नो... शिप." मग तिच्या आवाजात एकदम उजेड पडला. "आ! नोशिप! नेम, नोशिप! ग्रात्सिए, ग्रात्सिए! आय टेल हिम. टुमॉरो, आय गो ग्रेव्ह, आय टेल हिम. नोशिप." ती रडत होती आणि हसतही होती. ती आणखी काहीतरी तिच्या भाषेत भराभरा बोलली, त्यात देवाचं नाव दोनदा आलं, आणि फोन बंद झाला.

हॉलमध्ये स्पीकरची पीप-पीप चालू राहिली.

"तिने जहाजाचं नाव समजून घेतलं," फेलिक्स म्हणाले. त्यांनी चाचपडत रिसीव्हर उचलला. बाचिचांचा नंबर त्यांना पाठ होता, आणि इर्मा त्याच घरात राहत होती. "पुन्हा लावतो. नीट सांगतो. 'प्रीस्ट' कळत नसेल तर... इटालियनमध्ये काय म्हणतात गं?"

त्यांनी आकडे दाबायला सुरुवात केली, आणि डोरोथीचा हात पुढे झाला. तिने फोनवर बोट ठेवलं. लाइन तुटली.

"राहू दे," ती म्हणाली.

"तूच चार वर्षं मागे लागली होतीस!"

"तेव्हा माणूस जिवंत होता. तो कळून रागावला असता, रुसला असता, आणि कदाचित पुढच्या शुक्रवारी परत आला असता. ही बाई उद्या भावाच्या थडग्यावर जाऊन काहीतरी सांगणार आहे. ते तिच्या हातून काढून घेऊन तुम्ही तिला काय देणार?"

हे बरोबर बोललो की चूक, हे तिला तेव्हाही कळलं नाही आणि पुढेही नाही. चार वर्षं तिने ज्या सत्याचा आग्रह धरला, त्याच्या तोंडावर शेवटी तिनेच बोट ठेवलं. फेलिक्स रिसीव्हर हातात धरून उभेच होते. आता त्यांना बोलायचं होतं, आणि आता ऐकायला कुणी नव्हतं.

एक होतं. जोआना दारात उभी होती, आणि तिला इंग्रजी इर्मापेक्षा पुष्कळ चांगलं येत होतं.

"डॅडा," ती म्हणाली, "व्हॉट डू यू मीन, नो शिप?"

फेलिक्सनी बायकोकडे बघितलं. या वेळी डोरोथीने त्यांची सुटका केली नाही. मग ते खाली बसले आणि त्यांनी सांगितलं. मराठीत सांगितलं, कारण ती हकिकत त्यांनी दुसऱ्या कुठल्या भाषेत ऐकलीच नव्हती. अनाथाश्रमाची पायरी, ताप, फादर. "माझ्यामागे हे नाव चालवायला कुणी नाही, आणि याच्याआधी कुणी नाही," हे वाक्य त्यांना शब्दन् शब्द पाठ होतं. म्हणजे ओटीवरून उठून बाहेर जातानाही ते ऐकत होते तर.

जोआना ओरडली नाही. तिने भिंतीवरचा चार्ट काढला नाही, फाडला नाही. तिने फक्त विचारलं, "हॅव वी गॉट हिज फोटो?"

फोटो नव्हता. बाचिचांचे चार होते, त्यातला एक फ्रेममध्ये. बस्त्यावचा एकमेव फोटो वसईच्या बंद घरात कपाटात कुठेतरी होता. दोह्याला येताना तो आणायचं कुणाच्याही मनात आलं नव्हतं. डोरोथीच्याही नाही.

"मी सांगते ना कसे होते ते," डोरोथी घाईने म्हणाली. ती मुलीजवळ बसली. सांगायला लागली. ठेंगणे होते, भुवयांत कायम भुसा अडकलेला. पेन्सिल कानामागे ठेवायचे आणि मग घरभर तीच शोधत फिरायचे. मिस्साला जाताना एकच कोट, बटणं सगळी वेगवेगळी. हसले की आधी खांदे हलायचे. ती बोलत राहिली, एक आठवण संपली की घाईने दुसरी काढत राहिली, आणि बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की जोआना ऐकतेय, मान डोलावतेय, मध्येच "ओके, ममा" म्हणतेय, पण ते सगळं कुणा दुसऱ्याच्या आजोबांबद्दल ऐकावं तसं. फार शहाण्यासारखं, फार नम्रपणे.

स्वयंपाकघरातून भात करपल्याचा वास यायला लागला. कुणीच उठलं नाही.